रिकाम्या सॉकेटातली चाल

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचतो, आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा हसायलाच वाचतो. पिंपळ, अमावस्या, पांढरी साडी... माझा विश्वास मल्टीमीटरवर. काटा हलला तर करंट आहे, नाही हलला तर नाही. माझ्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कोणी "टीव्ही आपोआप चालू होते जी" म्हणत आला की मी आधी रिमोटचं बटन अडकलंय का ते बघतो. बहुतेकदा तेच निघतं.

तरी हे लिहितोय. मायला सोडून कोणाला माहीत नाही, आणि मायला सांगायची गरजच नव्हती — ती तिथेच बसली होती.

आम्ही ढिवर. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळच्या एका गावच्या तळ्यावर बाबा मासे धरायचे, माय ते मूलच्या बाजारात विकायची. बाबा गेल्यावर जाळी विणणंही तिच्याकडेच आलं, टाकायला आम्ही दोघं भाऊ. तिचा एक नियम होता. नवं जाळं पहिल्यांदा पाण्यात गेलं की त्यात जे येईल ते परत सोडायचं. एकदा तसल्याच कोऱ्या जाळ्यात हातभर मरळ आली होती. मायनं ती सोडायला लावली, आणि मोरूभाऊ दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

मोरूभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. झाडीपट्टीच्या एका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचा. मूलमधला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा त्यानं तिथला जुना कॉम्प्युटर उचलून आणला, आत साउंड कार्डासकट. माउस कसा धरतात ते त्याला माहीत नव्हतं, पण महिन्याभरात तो त्यावर गाण्यांच्या चाली भरायला लागला. एक समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. अशा भरलेल्या चालीच्या फाईलमध्ये आवाज नसतो. कोणता सूर, किती वेळ, एवढ्या सूचना असतात. सूर काढायचं काम कार्डावरची एक चिप करते. चिप नसेल तर ती फाईल म्हणजे नुसते आकडे.

त्याची शेवटची चाल अर्धी होती. एका ठिकाणी येऊन थांबायची. त्याच ठिकाणी तो ऑर्गनवरचाही हात उचलायचा आणि म्हणायचा, "पुढचं अजून आलं नाई."

ते कार्ड मी जाळलं. ९९ सालचा हिवाळा. मी नुकताच आयटीआय पास झालो होतो, म्हणजे मला सगळं येत होतं. आवाजात खरखर येते म्हणून कार्ड काढून पुसायला घेतलं आणि मेन स्विच बंद करायला विसरलो. एक बारीक ठिणगी, जळका वास, संपलं. मोरूभाऊ बॅग घेऊन दारातच उभा होता, एटापल्लीकडे प्रयोग लागले होते. मला वाटलं, आता कानाखाली बसते.

तो नुसता हसला. "मोठा इंजिनेर झाला माहा भाऊ! मी येतवरिक असंच बनवून देजो मले."

"असंच बनवून देतो भाऊ," मी म्हणालो.

एटापल्लीला त्याला ताप आला. मेंदूचा मलेरिया. गडचिरोलीच्या दवाखान्यातून आम्ही त्याला घरी आणला तो जीपच्या मागच्या सीटवर, चादरीत. मी रडलो नाही. लोक म्हणाले, पोराला धक्का बसलाय. धक्का वगैरे काही नव्हता. मला काही वाटतच नव्हतं, आणि ते तसंच राहिलं. दुकान टाकलं, लग्न झालं, मुलगी झाली. सगळं वेळेवर करत गेलो.

सात-आठ वर्षांनी एक दिवस माय दुकानात आली. तिचा डावा कान कधीच गेला होता, आता उजव्यातही कमी येत होतं. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "गजू, मोरूची थे चाल आयकव मले. कानात जीव हाय तवर."

डिस्क शाबूत होती, कॉम्प्युटरही चालू होत होता. कार्ड नव्हतं. नागपूरच्या भंगारवाल्यांकडे चकरा मारल्या, मिळाली ती सगळी मेलेली. नव्या मशीनवर जुन्या कार्डाची नक्कल करणारे प्रोग्रॅम तोवर आले होते, पण मी "असंच बनवून देतो" म्हणालो होतो. मग इंटरनेटवर शोधलं. परदेशातल्या एका हौशी माणसानं त्याच कार्डाचं अख्खं सर्किट मोजूनमापून टाकलं होतं. ते उतरवलं आणि नागपूरला एकाकडून बोर्ड बनवून घेतले. एक बनवत नाही म्हणाला, निदान पाच घ्या. हिरवेगार पाच बोर्ड आले, नवे कोरे, वर एकही पार्ट नाही.

महिनाभर दुपारी जोडत होतो. रेझिस्टर, कपॅसिटर, एक जोड, दुसरा जोड. मायला वाटायचं मी भावाची आठवण काढत काम करतोय. मी सोल्डरच्या टाक्याची चकाकी बघत होतो, बाकी काही नाही.

मुख्य चिप दिल्लीहून यायची होती. तिच्यासाठी बोर्डावर सॉकेट बसवलं, म्हणजे नुसत्या खाचा असलेली बैठक, चिप नंतर वरून दाबायची. जुनी चिप दुसरी मिळणार नाही, म्हणून मी असल्या बोर्डाची पहिली चाचणी नेहमी रिकाम्या सॉकेटवरच घेतो. व्होल्टेज बरोबर आहे का बघायचं, प्रोग्रॅम चालवायचा, तो "कार्ड सापडलं नाही" म्हणतो, आणि कॉम्प्युटर अडकला नाही म्हणजे जोडणी ठीक. एवढंच. एकदा जाळलंय ना.

तेव्हा लोडशेडिंग होतं. दुपारी दोनला लाइट आली. माय बाजार आटोपून, रिकामी टोपली पायाशी ठेवून बसली होती. मी कार्ड बसवलं — या वेळी स्विच तीनदा बघून — स्पीकरची वायर लावली, व्होल्टेज मोजलं. बरोबर. प्रोग्रॅममध्ये मोरूभाऊची फाईल दिली. स्क्रीनवर आलं, कार्ड सापडलं नाही. मी मान हलवली, आणि चाल सुरू झाली.

मला आधी काही विचित्र वाटलंच नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. ती चाल मला पाठ होती, मी आपला ऐकत राहिलो. मग नजर बोर्डावर गेली. सॉकेट रिकामं होतं. चिप दिल्लीहून निघालीसुद्धा नव्हती.

मायनं उजवा कान स्पीकरकडे केला. "वाजून राह्यली," ती म्हणाली. म्हणजे फक्त मलाच ऐकू येत होती असं नाही.

चाल त्या ठिकाणी आली, जिथं तो हात उचलायचा. मी वाट बघत होतो थांबायची. ती थांबली नाही... पुढे गेली. अगदी सरळ, जणू तिला तिथूनच जायचं होतं. जवळजवळ पहिल्या भागाएवढीच पुढे. मोरूभाऊनं न भरलेली, आम्ही कोणी कधीच न ऐकलेली. एका जागी ती खाली उतरून परत वर येत होती, तेवढं आठवतं.

टेबलावर टेपरेकॉर्डर होता, आत कोरी कॅसेट. माझा हात रेकॉर्डच्या बटनावर गेला. मायनं मनगट धरलं.

"हे कार्ड पह्यल्यांदाच लावलं न तू?"

"हो माय, पण—"

"मंग सोडून दे."

"माय, भाऊची हाय! पुरी हाय!"

"मले समजते कोणाची हाय थे. पह्यल्या जाळ्यातलं ठेवाचं नाई. जाऊ दे त्याले."

मासे विकून खरबरीत झालेला हात, पण पकड अशी की सुटेना. खरं तर मी सोडवला असता. सोडवला नाही. चाल संपली, स्पीकरमधून हिस्स असा आवाज येत राहिला. माय टोपली उचलून घरी गेली.

मग मी माझ्या पद्धतीनं सगळं तपासलं. कॉम्प्युटरच्या आतला छोटा स्पीकर? त्याची वायर मी आधीच काढलेली होती. अ‍ॅम्प्लिफायर कधी कधी रेडिओ पकडतो, पण कोणत्या रेडिओवर माझ्या भावाची चाल लागणार? फाईल उघडून बघितली, ती अर्धीच होती. परत चालवली. कार्ड सापडलं नाही. शांत. अंधार पडेपर्यंत चालवत होतो, उरलेल्या चारपैकी आणखी एका बोर्डावर पार्ट चढवून नंतर तोही बघितला. काही नाही.

तीन आठवड्यांनी चिप आली. दाबून बसवली आणि मायला बोलावलं. कार्ड सापडलं. चाल लागली, तोच सूर, स्वच्छ, आणि त्या ठिकाणी येऊन थांबली. मी स्विचकडे हात नेला.

"काऊन बंद करून राह्यला?" माय म्हणाली. "हे ठेव. हे दुसऱ्यांदाचं हाय."

ती अर्धी चाल मी कॅसेटवर घेतली. माझ्याकडे आहे ते एवढंच. कोणी इंजिनिअर वाचत असेल आणि काही सुचत असेल तर जरूर कळवा, मी राग मानणार नाही. मला स्वतःला काही सुचलेलं नाही. तेवढी एक जागा सोडली तर पुढचा भाग मला आठवत नाही, मायलाही नाही. त्या दिवशी बटन दाबायला हवं होतं का, हेही ठरत नाही. वाईट वाटायला हवं, असं मात्र अधूनमधून वाटतं.

मायचा उजवा कान आता पूर्ण गेला. तरी ती कधीमधी दुकानात येते आणि बोटानं कॅसेट दाखवते. मी लावतो. ती स्पीकरच्या खोक्यावर तळवा ठेवून बसते, थरथर हाताला लागते म्हणते. चाल त्या ठिकाणी येऊन थांबते. माय हात काढत नाही. आणखी थोडा वेळ तसाच ठेवते, साधारण उरलेल्या चालीला लागला होता तेवढा. मग काढते आणि म्हणते, "झालं, बंद कर." तोवर मीही टेप बंद करत नाही.