द्राक्षांच्या सिनेमात नागलीची भाकरी

आमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसवर सिनेमावाले येणार हे कळलं, अन् निफाडच्या दुकानांतली पावडर संपली असेल, इतक्या बाया नटल्या! दोन हजार सालानंतरची गोष्ट, ऐन हंगामातली. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांवर माहितीपट काढायचा होता. मी तेव्हा घडातले खराब मणी कात्रीने काढायच्या टेबलावर होते. शेजारी सुरगाण्याकडची माझी मैत्रीण, कपाळावर अन् हनुवटीवर गोंदण. हंगामापुरती यायची, आई तिकडे डोंगरात.

"आईनं मला इथं कधी पाह्यलंच नाय," ती म्हणाली. "सिनेमात दिसले ना, तर तिला आणून दाखवीन."

नवी साडी नेसून आली होती बिचारी.

डायरेक्टर पोरगेलासा, गोड बोलणारा. आल्या आल्या त्याने उजळ रंगाच्या पोरी पुढे काढल्या अन् माझ्या मैत्रिणीला म्हणाला, "मावशी, तुम्ही जरा मागे, क्रेटपाशी."

मी विचारलं, "का हो?"

"तसं काही नाही. बाहेरचे लोक बघणार, जरा टापटीप दिसायला हवं."

"अहो दादा, पहाटेपासून नटतोय आम्ही, अजून किती टापटीप?"

मालेगावची आमची भाभी मागून ओरडली, "मला तर बुरख्यासकट क्रेटमध्येच भरा आता!"

सगळ्या हसल्या. मैत्रीण नाही हसली.

पण मजा पुढेच! सुपरवायझर बाई आली. गजरे काढा, बांगड्या काढा, टोपी घाला, मास्क लावा. झालं! पुढच्या पोरींची पावडर मास्कखाली गेली. डायरेक्टर कॅमेऱ्यात बघतोय, तर सगळीकडे नुसते डोळे. गोरी कोण अन् काळी कोण!

"थोडा वेळ मास्क काढले तर?" त्याने विचारलं.

"एक केस सापडला तरी माल परत येईल, तुम्ही भरून देणार?" बाईने उलट विचारलं.

मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "दादा, जेवायला बसलो की तोंडं उघडतो आम्ही. तेव्हा काढा."

"सिनेमा द्राक्षांवर आहे, मावशी."

"मग द्राक्षं काय आपोआप पेटीत जाऊन बसतात? खाण्याच्या धंद्याचा सिनेमा, अन् पेट्या भरणारी काय खाते ते दाखवायचं नाही?"

तो कॅमेरावाल्याकडे बघायला लागला. कॅमेरावाल्याला भूक लागलेलीच होती.

लिंबाखाली आमची पंगत बसली. आमची एक रीत होती, पहिला घास आपल्या डब्यातला घ्यायचा नाही, शेजारणीच्या डब्यातला घ्यायचा. भाभीच्या मटणाच्या रश्श्यावर तर आमच्यातली एक माळकरीण सोडून सगळ्यांचा डोळा! कॅमेरावाला मैत्रिणीच्या शेजारी टेकला. तिने काही न विचारता त्याच्या हातावर नागलीची भाकरी अन् खुरसणीची चटणी ठेवली. खाऊन त्याने हात पुसले, कॅमेरा उचलला अन् थेट तिच्याच समोर बसला. तिला पत्ताच नाही, ती आपली माझ्या डब्यातल्या ठेच्याने सूं सूं करत होती.

पावसाळा संपल्यावर नाशकात एका हॉलमध्ये दुपारी सिनेमा दाखवला. मैत्रिणीने आईला एसटीने आणलं होतं, पहिल्यांदाच. पडद्यावर टोप्या अन् मास्क आले तशी आमची भांडणं जुंपली. "ती मी!" "हट्, ते माझे डोळे हायेत!" आई इकडेतिकडे बघत विचारते, "माझी कुठंय?" मैत्रिणीने माझा हात असा दाबून धरला होता की काय सांगू.

अन् एकदम आली की! अख्ख्या पडद्यावर तिचा चेहरा, गोंदणासकट, गाल फुगलेले, तोंडात हा एवढा घास.

"अगं आई गं, खाताना!" म्हणत तिने पदरात तोंड लपवलं. पण आई उठून उभी राहिली अन् पडद्याला मोठ्याने म्हणाली, "हळू खा गं बाय! पाणी पी!"

सगळा हॉल हसला. मागचे ओरडले, "आजी, बसा खाली." कसली बसते! चित्र बदललं तरी उभीच. मग माझ्या खांद्याला हात लावून तिने हळूच विचारलं, "परत दाखवतील का गं?"

मी उठले, पुढे बसलेल्या डायरेक्टरजवळ गेले अन् म्हटलं, "दादा, एवढं मागे फिरवा."

अन् त्याने फिरवलं हो!