आठ माणसांचं इंजिन

गाडीचं इंजिन ट्यून करून घ्यायला किती पडतं, हा प्रश्न मी एकाच मिस्त्रीला दोनदा विचारला. दोन्ही वेळा त्याने साठ रुपये सांगितले. पहिल्या वेळी मला त्याचा राग आला होता.

ही गोष्ट साठच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांची. आज ज्याला नवी मुंबई म्हणतात, ते नाव तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हतं. ठाण्याहून बेलापूरकडे जाणारा एक रस्ता होता. त्याच्या एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला भातखाचरं, मिठागरं, खाडी. तळवलीला रस्त्यालगत दोन खोल्यांत माझा दवाखाना होता. मी देशावरून आलेली, एकटी आणि चिकट. चिकट हे विशेषण माझ्या कंपाउंडरने दिलेलं आहे, पण मला ते कधी खोडता आलं नाही. ऐपत नसताना मी एक जुनी विलायती मोटार विकत घेतली होती, कारण अडलेल्या बाईला ठाण्याच्या इस्पितळात न्यायचं तर बैलगाडीशिवाय दुसरं काही वेळेवर मिळत नसे.

मोटार होती, पण तिची कुरकुर फार. पेट्रोल प्यायची, मधूनच ठसकायची, आणि खाडीच्या पुलाअलीकडे टेकडीचा एक चढ होता तिथे तर अगदी जिवावर आल्यासारखी चढायची. आता तो चढ रस्ता रुंद करताना कापून टाकला आहे. गावातली माणसं मला चिडवायची, "डाक्तरीनबाय, तुमचे मोटारीलाच एक सुई द्या." मी हसायचे नाही.

पावण्याला रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपरात एक मिस्त्री काम करायचा. रायगडच्या किनाऱ्यावरचा मुसलमान, पन्नाशीचा, उमेदीची वर्षं लाँचच्या इंजिनावर काढलेली. तेव्हा त्या पट्ट्यात कारखाने नुकते उभे राहायला लागले होते, त्यांचे ट्रक त्याच्याकडे यायचे. मी गाडी नेली आणि म्हटलं, "मिस्त्री, इंजिन जरा नीट करून द्या. किती घ्याल?"

त्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. "बाई, पहिलं सांगा, गाडीत बसतात किती?"

"चार जणांची गाडी आहे."

"गाडी कितीची ते नाय विचारला. बसतात किती?"

मी म्हटलं, बहुतेक वेळा मी एकटी. त्याने नकाराची मान हलवली. मग म्हणाला की साठ रुपये पडतील, एक अख्खा दिवस लागेल, त्या दिवसाचं पेट्रोल माझं, आणि पेशंटांच्या घरची सात माणसं आणायची, म्हणजे माझ्यासकट आठ. त्यांना बसवून तो चढ पाच-सहा वेळा चढायचा. शिवाय एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा वैशाखात गाडी पुन्हा आणायची, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

साठ रुपयांत माझ्या कंपाउंडरचा महिन्याचा पगार निघत होता. स्क्रू पिळायचे साठ रुपये आणि वर सात जणांची सहल! मी तिथेच त्याला म्हटलं की मला लुबाडायचं असेल तर सरळ सांगा. तो म्हणाला, "तुमची मर्जी," आणि ट्रकखाली गेला.

मी ठाण्याला एका गॅरेजमध्ये गेले. त्यांनी पंधरा रुपये सांगितले, वर चहा दिला. तिथल्या मेकॅनिकने विचारलं, "काय पाहिजे तुम्हाला?" मी सांगितलं, पेट्रोल कमी लागलं पाहिजे. बस, एवढंच मागितलं मी. त्याने कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा पितळेचा जेट बदलून बारीक छिद्राचा घातला आणि ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलं. दोन तासांत गाडी हातात. रिकामी गाडी घेऊन तळवलीला आले तेव्हा ती शिवणयंत्रासारखी चालत होती. गॅलनमागे मैल वाढले. पुढचे तीनेक महिने मी भेटेल त्याला हे ऐकवलं. पावण्यावरून जाताना तर मी मुद्दाम गाडी हळू करायचे, मिस्त्रीला आवाज ऐकू जावा म्हणून.

एप्रिलमध्ये शिरवण्याहून सकाळी बोलावणं आलं. पहिलटकरीण, रात्रभर कळा देऊन थकलेली, मूल आडवं. मी तपासलं आणि लगेच ठाण्याला हलवायचं ठरवलं. आता या गावांची एक रीत होती, ती मला तोवर चांगली ठाऊक होती. बाईला इस्पितळात एकटी पाठवली असं कोणी म्हणता कामा नये. सासरची दोन माणसं चढली की माहेरची दोन चढणारच, आणि त्यांच्यात कमी-जास्त झालं तर पुढची दहा वर्षं ते निघत राहणार. त्या दिवशी ती मुलगी, तिची सासू, नवरा, चुलत दीर, तिची आई, मावशी आणि भाऊ अशी सात जणं. आठवी मी. मी म्हटलं, एवढी माणसं नकोत. नवरा म्हणाला, "बाय, आमची मानसा लागतात संगती." वाद घालायला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर गाडीची मला खात्री होती.

सपाटीवर काही कळलं नाही. चढाला लागलो आणि बॉनेटखालून खड्खड् असा आवाज यायला लागला, डब्यात खडे घालून हलवावेत तसा. गाडी दमत गेली, अर्ध्या चढावर वाफ उसळली आणि इंजिन बंद पडलं. बाहेर ऊन रणरणत होतं. पुरुष उतरले, मग आई आणि मावशी उतरल्या. सासू मात्र उतरेना. मुलीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती अंगाने थोराड, मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहून मान आणि खांदे जाड झालेली बाई. मी दार उघडलं आणि सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडले, "उतरा खाली! तुमच्या भारानं गाडी चढत नाही!"

ती उतरली. पदर खोचला आणि इतरांबरोबर गाडीला हात लावला. गाडी थंड होईपर्यंत बराच वेळ गेला. मग एका मिठाच्या लॉरीने दोर बांधून आम्हाला वर ओढलं. ठाण्याला पोचलो तेव्हा उशीर झाला होता. मुलगी वाचली. बाळ गेलं. मुलगा होता.

परत येताना बाकीचे गाडीत बसले. सासू आलीच नाही. ती ठाण्याहून शिरवण्याला चालत गेली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आठवड्याने मी गाडी पावण्याला नेली. मिस्त्रीने आता बॉनेट उघडलं, कार्बोरेटर खोलला आणि जेट उजेडासमोर धरला. "तुमी हितून हळू जायच्या तवा आवाज ऐकला होता मी," तो म्हणाला. "पेट्रोल कमी, हवा जास्त. रिकाम्या गाडीला चालतं. माणसं भरली, चढ आला, की ती आतून जळते. हे कोणी करायला सांगितलं?"

"मी," मी म्हटलं.

त्याने जेट बाजूला ठेवला. त्याने दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. मी विचारलं, "किती?" तो म्हणाला, "साठ. बोललोय ना मागे."

मग तो दिवस झाला. तळवलीची सात माणसं मी गोळा केली. त्यांना ती जत्राच वाटली. दोघी जणींनी भाकऱ्या बांधून घेतल्या होत्या. एक म्हातारा आपलं वजन किती भरतं यावरून शेजाऱ्याशी भांडत होता. मिस्त्री गाडीच्या बाहेरच्या पायरीवर एका पायावर उभा राहायचा, एक हात खिडकीत, कान बॉनेटकडे. चढाच्या पायथ्याशी उतरायचा, जेट बदलायचा, टायमिंग केसभर मागे घ्यायचा आणि म्हणायचा, "परत." सहा वेळा चढलो. शेवटच्या खेपेला खडखड ऐकू आली नाही. गाडी सावकाश पण न अडखळता वर गेली, आणि मागे बसलेल्यांनी देवाचं नाव घेतलं.

तेव्हा मला साठ रुपयांचा अर्थ लागला. स्क्रू पिळायचे त्यातले पाच रुपयेही नसतील. बाकीचे होते ते गाडीत बसतात किती हे विचारण्याचे, आणि उत्तर खोटं आलं की ते ओळखण्याचे. मी पैसे दिले तेव्हा त्याने अजून एक सांगितलं. "आता पेट्रोल जास्त पिणार. तुमी एकट्या चालवाल तवा कुरकुर करणार, धूर पण सोडेल. ते पण ह्यात आलं. एक पाहिजे तर दुसरं सोडावं लागतं, बाई." मी हो म्हटलं. त्यानंतर पेट्रोलच्या खर्चाबद्दल मी कोणाशी बोलले नाही.

शिरवण्याला माझं जाणंयेणं चालू होतं. सासू मला टाळायची नाही, उलट दवाखान्यासाठी सुकट आणून द्यायची. पण गाडीत बसायची नाही. एकदा भर पावसात मी तिला रस्त्यात गाठलं आणि दार उघडलं, तर म्हणाली, "तुमी जा पुरं. मी चालत येतंय." गावात बायका सांगायच्या की तिने पोटभर जेवणं सोडलंय. अंगावरचं मांस उतरलं होतंच. मी डॉक्टर, मला कारण कळत होतं. तिला एका वाक्याचं औषध हवं होतं आणि ते फक्त माझ्याकडे होतं. दोन वर्षं मी ते दिलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

दोन वर्षांनी त्याच मुलीचे दिवस भरले. या वेळी मी आधीच ठरवलं होतं, कळा सुरू झाल्या की थेट ठाणं. सकाळी गाडी दारात लावली. माणसं बसली, सासरची, माहेरची, मोजून. मुलीच्या डोक्याशी एक जागा रिकामी ठेवली होती. सासू लांब कुंपणापाशी उभी होती. मुलगी तिला हाक मारत होती.

मी तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "माज्या भारानं एक पोर गेला, डाक्तरीनबाय. आता नको."

मी तिला सांगितलं. हळू आवाजात नाही, गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. गाडी तुमच्या भाराने थांबली नव्हती. पेट्रोल वाचावं म्हणून मी इंजिनात बदल करून घेतला होता. तुम्ही उतरला नसतात, किंवा मुळात बसलाच नसतात, तरी ती त्या चढावर थांबलीच असती. चूक माझी होती आणि ओरडले मी तुमच्यावर.

तिने माझ्याकडे बघितलं. "मंग तवा मना उतरवली कशाला?"

"राग आला होता," मी म्हटलं.

ती येऊन मुलीच्या डोक्याशी बसली. आम्ही वेळेत पोचलो, दुपारी मुलगी झाली, चांगली रडकी. सगळं सुरळीत झालं. मिस्त्रीचं काम चोख होतं, आठ माणसं घेऊन गाडी त्या चढावर एकदाही अडखळली नाही. पण चढ लागला तेव्हा मी आरशात पाहिलं. सासूने दोन्ही हातांनी पुढच्या सीटची पाठ धरली होती, कोपर ताठ केले होते आणि अंग सीटवरून वर उचलून धरलं होतं. मी म्हटलं, "नीट बसा, गाडीला काही होत नाही."

"बसलंय ना," ती म्हणाली, आणि पूल येईपर्यंत तशीच राहिली.