रशियनची संथा

गंगाधरला काहीही एकदा ऐकवावं आणि हवं तेव्हा त्याच्याकडून जसंच्या तसं परत घ्यावं. फक्त अर्थ विचारू नये. अर्थाच्या बाबतीत या गृहस्थाची पाटी कोरी होती, आणि त्याचं दुःख त्याला इतर कुणाहीपेक्षा जास्त होतं.

मूळ घर मंगळवेढ्याचं, देवळाच्या पूजेअर्चेवर चाललेलं. मुंज झाली आणि आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, पोराला वेदाच्या संथेला बसवलं. संथा म्हणजे गुरूनं एकदा म्हणायचं आणि शिष्यानं दोनदा. स्वर वर तर वर, खाली तर खाली. आप्पा मध्येच खोकले तर गंगाधर खोकलाही दोनदा म्हणायचा आणि त्याबद्दल मार खायचा. एकदा हिय्या करून त्यानं विचारलं, "आप्पा, याचा अर्थ काय?" आप्पा म्हणाले, "अर्थाकडे लक्ष गेलं की स्वर चुकतो." विषय तिथंच संपला.

पुढं देवळाच्या उत्पन्नात भावाभावांचं भागेना, तेव्हा गंगाधर सोलापूरला येऊन एका वकिलाकडे नकला करायला राहिला. अक्षर मोत्यासारखं, एक काना इकडचा तिकडे नाही. पण "अरे, दावा विहिरीचा होता की बांधाचा?" असं वकीलसाहेबांनी विचारलं की हा पागोटं सावरत उभा. बायको प्रभा मराठी चार यत्ता शिकलेली आणि तोंडाची तिखट. ती म्हणायची, "अहो, तुमचं डोकं म्हणजे कुलूप लावलेलं कोठार आहे. माल भरपूर आणि किल्ली आप्पांकडे." आप्पा वारून तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

एक तरी गोष्ट आपल्याला अर्थासकट यावी, एवढीच गंगाधरची इच्छा होती. माणसानं याहून कमी काय मागावं?

तीस साली सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, त्याच्या दोनेक वर्षं आधीची ही हकिकत. सोलापुरात तेव्हा खरंखुरं कॉलेज नव्हतं. पण बाळीवेशीजवळ एका माडीवर शरच्चंद्र मास्तरांचं 'कमर्शियल कॉलेज' होतं. टायपिंग, लघुलेखन आणि हिशेब, असे तिथं तीन विषय. मास्तर महायुद्धात रसदखात्याचे कारकून होते. इराणच्या पलीकडं, रशियाच्या हद्दीत, त्यांनी घोड्यांचं दाणावैरण मोजत एक हिवाळा काढला होता. त्या हिवाळ्याची आठवण येऊन का काय कोण जाणे, त्यांनी पाटीवर खाली एक ओळ वाढवली, 'रशियन भाषा, प्राथमिक'. वर्ग सुरू झाला तेव्हा बाकं भरली. एक साध्या वेशातला पोलीसही येऊन बसला, जांभया देत राहिला आणि पुन्हा फिरकला नाही. हळूहळू बाकीचेही गळाले. उरला गंगाधर.

त्याचा हिशेब सरळ होता. या भाषेत आपले वाडवडील काही म्हणत नव्हते. तेव्हा ती अर्थासकटच शिकावी लागणार. पण जित्याची खोड जाते कुठं? मास्तर पुस्तकातून वाचायचे, "एतो अक्नो." गंगाधर मांडी घालून, डोळे मिटून दोनदा म्हणायचा, "एतो अक्नो, एतो अक्नो." मास्तर खिडकीकडं बोट दाखवायचे, पण मिटलेल्या डोळ्यांना खिडकी दिसणार कशी? चातुर्मास संपायच्या आत अख्खं पुस्तक त्याला तोंडपाठ झालं. त्यात 'धडा चौथा', 'पुढील वाक्ये वाचा' आणि शेवटी छापखान्याचा पत्ताही आला. उच्चार असे की मास्तरांना आपलेच उच्चार खोटे वाटू लागले.

"आणि टेबलाला काय म्हणतात?" मास्तरांनी विचारलं.

गंगाधरनं पहिल्या पानापासून म्हणायला सुरुवात केली. टेबल कुठंतरी वाटेत होतं, पण नेमकं कुठं, ते त्याला सांगता येईना. घरी जाताना तो इतका खचला होता की प्रभानंही त्या दिवशी टोमणा मारला नाही.

अशात गावात सर्कस आली. तिच्यात घोड्यावर उभी राहून कसरत करणारी एक रशियन बाई होती, लीडिया नावाची. तिचा भाऊ पावेल घोडी सांभाळायचा. एका खेळात बाई पडली. उजवा हात मोडला, बरगड्यांना मार बसला आणि वर न्यूमोनियानं धरलं. सर्कशीचा पुढचा मुक्काम गदगला ठरलेला होता. घोड्यांना पावेलशिवाय कुणी आवरू शकत नव्हतं, म्हणून मालकानं त्याला घोड्यांबरोबर पाठवलं आणि बहीण इथं दवाखान्यात राहिली. तिला हिंदुस्थानीचे सहा शब्द यायचे. तापात तेही गेले. बाई रात्रंदिवस काहीतरी सांगतेय आणि कुणाला कळत नाही, असं चाललं होतं. दवाखान्यातल्या कुणाला तरी बाळीवेशीतली पाटी आठवली.

मास्तर कोट चढवून निघाले. सोबत गंगाधर. खाटेजवळ जाऊन मास्तरांनी घसा साफ केला आणि रशियनमध्ये एक वाक्य टाकलं. ते बहुधा सातूच्या पोत्यांचा भाव विचारणारं असावं, कारण बाईनं त्यांच्याकडं डोळे विस्फारून पाहिलं आणि मग ती जी बोलत सुटली ती थांबेचना. मास्तरांना घाम फुटला. "ही खेडवळ रशियन बोलते," ते गंगाधरच्या कानात म्हणाले. "माझी जरा शहरी आहे." आणि वर्गाची वेळ झाली म्हणून ते चक्क निघून गेले.

गंगाधर उभाच. खाटेपाशी केराबाई होती, वळसंगची धनगरीण, दवाखान्यात आजाऱ्यांची उठबस करायला असलेली. ती म्हणाली, "भटजी, तुमी तरी बोला की कायतरी. सारकी भावाचं नाव घेतीया. लई तळमळतीया वो."

काय बोलणार? गंगाधरनं डोळे मिटले आणि धडा पहिला सुरू केला. ही खिडकी, हे टेबल, पेन्सिल कुठे आहे, धडा दुसरा, पुढील वाक्ये वाचा. खोलीत शांत झालं. डोळे उघडून बघतो तर बाई हसत होती. बरगड्या धरून, कण्हत, पण हसत होती. मग तिनं हळूच काहीतरी विचारलं. प्रश्न आहे एवढं त्याला सुरावरून समजलं. पण उत्तर कुठून आणायचं? संथेच्या सवयीनं त्यानं तिचंच वाक्य दोनदा म्हटलं. अगदी तिच्या आवाजाच्या चढउतारासकट, मध्ये आलेल्या खोकल्यासकट.

बाईचं हसू थांबलं. ती त्याच्याकडं बघत राहिली. तिनं आणखी एक वाक्य म्हटलं, मुद्दाम लांबलचक. त्यानं दोनदा परत दिलं. तेव्हा तिनं डावा हात उचलून आधी त्याच्या ओठांकडं बोट केलं, मग दाराबाहेर, दूर कुठंतरी, आणि म्हणाली, "पावेल."

"भावाला सांगा म्हंतीया," केराबाई म्हणाली. तिला रशियन येत नव्हती, पण तिला कळलं. गंगाधरलाही कळलं. एक बाई तिच्या भावासाठीचं शेवटचं बोलणं आपल्या तोंडात ठेवतेय, आणि आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. एक अक्षर सांडलं तर ते कायमचं सांडणार होतं.

तो रोज कचेरीच्या आधी येऊ लागला. बाई थोडं सांगायची, दम खायची, पुन्हा सांगायची. कधी तिचा आवाज चढायचा, कधी डोळ्यांतून पाणी यायचं. गंगाधर चढलेला आवाज चढवून आणि उतरलेला उतरवून घ्यायचा. शेवटचा तुकडा अगदी लहान होता. तो तिनं कुजबुजत सांगितला, यानं कुजबुजत दोनदा म्हटला, आणि तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा खाट रिकामी होती. गदगला तार गेली होती, पण सर्कस तिथून पुढं हलली होती. पावेल कधी येईल, येईल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं.

संथा घेतली की आवृत्ती करावीच लागते, नाहीतर पाठ निसटतं. गंगाधर पहाटे आंघोळ करून, सोवळं नेसून देव्हाऱ्यासमोर बसू लागला आणि लीडियाबाईचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणू लागला. प्रभानं आधी कपाळाला हात लावला. मग कहाणी ऐकल्यावर तीच समईत वात सारून ठेवू लागली. "काहीतरी पुण्याईचंच असणार," ती म्हणायची. "मरणाच्या दारात माणूस दुसरं काय बोलेल?" एके ठिकाणी स्वर असा काही उसळायचा की तिला हात जोडावेसे वाटत, आणि ती जोडायचीही.

अर्थाची रुखरुख मात्र गंगाधरला जेवू देईना. शेवटी तो मास्तरांकडं गेला आणि म्हणाला, "ऐका, आणि कळेल तेवढं सांगा." चारदोन वाक्यं झाली न झाली तोच मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी उठून माडीचं दार लावलं.

"यातले काही शब्द मी ऐकलेत," ते म्हणाले.

"मग?"

"तिकडं खेचरं चिखलात अडली की हाकणारे म्हणायचे." मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. "गंगाधर, तू अर्थ विचारू नकोस बाबा. म्हणत राहा."

पुन्हा तेच! आप्पांनी सांगितलेलंच मास्तरांनी सांगितलं. गंगाधर घरी आला तो पार गोंधळून. खेचरांचा आणि मरणाचा संबंध काय? रशियात खेचरं हाकताना देवाचं नाव घेतात की काय? तेच असेल, असं त्यानं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी आणखी भक्तीनं आवृत्ती केली.

पावेल आला तो भर दुपारी. केराबाई त्याला दवाखान्याच्या व्हरांड्यात बसवून गंगाधरच्या कचेरीत धावत आली. "भटजी, चला. भाऊ आलाय तिचा. माती दावून आनली त्याला. दगडावानी बसलाय नुसता."

व्हरांड्यात उंच, उन्हानं रापलेला माणूस बसला होता. अंगाला घोड्यांचा वास. गंगाधरनं नळावर हातपाय धुतले, पूर्वेकडं तोंड करून मांडी घातली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. सगळं म्हटलं. तिचा दम लागायचा तिथं दम घेतला, ती ओरडली तिथं ओरडला, ती खोकली तिथं खोकला. शेवटचा तुकडा कुजबुजला. एकही अक्षर सांडलं नव्हतं.

डोळे उघडले तर पावेलचा चेहरा तांबडालाल. खांदे गदगदत होते.

"आवं, ह्यो रडतुया का हसतुया?" केराबाईनं विचारलं. दोन्ही चाललं होतं.

"फिर," पावेल म्हणाला. गंगाधरनं पुन्हा म्हटलं. "फिर." पुन्हा म्हटलं.

मग न राहवून गंगाधरनं विचारलं, "इसका मतलब क्या?" जन्मात हा प्रश्न त्यानं तिसऱ्यांदा विचारला होता; आधी आप्पांना, मग मास्तरांना.

पावेलनं बाहीनं तोंड पुसलं. "गाली," तो म्हणाला. "सब गाली, पंडित. हमारा बहन बहुत गाली देता. गधा बोला. सूअर का बच्चा बोला. बहन मरता, तुम घोडा के पीछे भागता, बोला." त्यानं आणखीही काही सांगितलं; ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गंगाधरच्या डोळ्यांपुढं देव्हारा उभा राहिला. समई, उदबत्ती, आणि हात जोडलेली प्रभा. बाळकृष्णाच्या तोंडावर आपण रोज पहाटे, सोवळ्यात, स्वरासकट... राग यावा तर कुणावर? प्रायश्चित्त घ्यावं तर कशाचं, आणि शास्त्रीबुवांना सांगायचं तरी काय?

"और आखिर में?" त्यानं कसंबसं विचारलं. "वो छोटा?"

"आखिर में बोला," पावेल म्हणाला, "बस हुआ, पाशा. अब घर जा." पाशा म्हणजे पावेलच, घरच्या लाडाच्या नावानं. त्यानं आपले दोन्ही तळवे उघडून गंगाधरपुढं धरले. त्यांचं गाव तिकडच्या बंडाळीत जळून गेलं होतं. आई गेली होती. आता हीही गेली. "घर किधर है, पंडित?"

या प्रश्नाचा अर्थ गंगाधरला कुणी समजावून द्यावा लागला नाही. तो उठला. धोतर झटकलं. पावेलच्या दंडाला धरून त्यानं त्याला उभं केलं आणि चालायला लागला. केराबाई मागून म्हणाली, "भटजी, त्येला कुटं न्हेताय?" पण तो थांबला नाही.

प्रभानं दारात तो तांबडा माणूस बघितला आणि पदर सावरला. एक क्षणभरच ती घुटमळली. घर सोवळ्याओवळ्याचं होतं, आणि शेजार जागा होता. मग तिनं ओसरीवर पाट मांडला. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, कांदा आणि ताक. पावेल खाली मान घालून जेवला. भाकरी संपली की ती विचारल्याशिवाय दुसरी टाकत होती. चुलीपाशी परत आली तेव्हा तिनं हळू आवाजात विचारलं, "अहो, कळला का अर्थ? काय म्हणत होती बिचारी?"

गंगाधरनं ओसरीकडं पाहिलं. आता त्याच्याकडं अर्थ होता, सगळाच्या सगळा, शब्दाला शब्द.

"घरी जा म्हणत होती," तो म्हणाला.

"एवढंच? मग एवढं लांबलचक कशाला?"

"आधी जरा रागावली होती."

प्रभानं मान डोलावली. भावावर रागावलेल्या बहिणीचं तिला काही नवल वाटलं नाही. तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, रात्रीपण इथंच जेवा."