रहीमभाईची काळी वायर

भोंग्याच्या दुकानात काम केलेल्या माणसाजवळ दुसरं काही साचलं नाही तरी किस्से साचतात. गुंडाळलेल्या वायरीसारखे. एक ओढला की दोन गुंतून बाहेर येतात.

चांद्याला रहीमभाईचं दुकान होतं. एक माइक, बॅटरीवरचं मशीन, दोन भोंगे आणि मी. सभा असो, लग्न असो, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असो, बैलगाडीत सामान घालून आम्ही निघायचो. वायर अंथरायची आणि तिच्यावर कोणाच्या बैलाचा पाय पडू द्यायचा नाही, एवढं माझं काम.

*

एकदा माइकची वायर तुटली. रहीमभाईनं काटकसर म्हणून दिव्याची साधी वायर जोडली. तिच्यात आत तांब्याची जाळी नसते, म्हणून भोंगा गुणगुणतो.

आलापल्लीला सागवानाचा लिलाव होता. भोंगा झाडावर बांधला होता. जंगलखात्याच्या साहेबांनी माइक धरला आणि वरून घूं घूं सुरू झालं. ठेकेदार वर पाहू लागले. कोणीतरी ओरडलं, "आग्या मोहोळ उठलं!"

डोक्यावर धोतरं घेऊन सारे पळाले. साहेब सगळ्यांच्या आधी जीपमध्ये होते.

मी खरं सांगायला निघालो, तर रहीमभाईनं हात धरला. "चुप राय. मधमाश्यायचं नाव होऊन राह्यलं, होऊ दे."

साहेबांनी ते पोळं काढायला माणूस लावला. तीन दिवसांनी पोळं काढल्याचा कागदही वर गेला.

*

खरी गोष्ट भाऊसाहेबांच्या कानावर गेलीच. ते निवडणुकीला उभे होते, आणि आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

"रहीमभाई, नऊ गावात सभा आहेत. पहिल्या सभेत भोंगा गुणगुणला, तर बाकीच्या आठ नागपूरवाल्याले देईन."

त्या सभांवर रहीमभाईच्या घरची चूल पेटायची. आम्ही दोघं वायर घ्यायला नागपूरला गेलो.

दुकानाच्या सेठनं लालभडक वायर काढली. "रंग पाहा. सभेत उठून दिसेल."

"मले ते नेसाची नाई, सेठ."

रहीमभाईनं तिचं टोक सोललं, आठदहा वेळा वाकवलं. तार मोडली. विलायती वायर चांगली होती, पण आमच्या आवाक्यातली नव्हती. मग त्यानं खालच्या फळीवरून धुळीनं भरलेली एक काळी गुंडाळी ओढली. बोटाला गुंडाळून सोडली, तर सरळ झाली. आतली जाळी इतकी दाट की सुई जाईना.

"काळी आहे म्हणून कोणी घेत नाही," सेठ म्हणाले. "स्वस्तात देतो."

"काळीच द्या. आमच्यात गोरा कोन आहे?"

*

पहिली सभा गडचिरोलीजवळच्या एका गावात होती. वायर जोडल्यावर रहीमभाईनं माइकवर दोनदा टिचकी मारून पाहिली. भाऊसाहेब उभे राहिले. गुणगुण नाही, खरखर नाही. शब्दन् शब्द शेवटच्या घरापर्यंत गेला.

एरवी अर्धं भाषण खरखरीत जायचं आणि भाऊसाहेब थांबले की लोक टाळ्या वाजवायचे. त्या दिवशी कोणी टाळी वाजवली नाही. सारे ऐकत होते.

"मागच्या बारीले पूल कबूल केला होता," भाऊसाहेब म्हणाले. "आता पूल आन् दवाखाना दोन्ही देतो."

पुढे बसलेल्या एका म्हातारीनं शेजारच्याला शांतपणे विचारलं, "पूल कुठी आहे गा?"

हळूहळू लोक उठू लागले.

सभा संपल्यावर भाऊसाहेबांनी आम्हाला बोलावलं. रहीमभाई खांद्यावर वायर घेऊन मान खाली घालून उभा राहिला.

"वायर नवीन आहे काय?"

"हो जी. आवाज बराबर गेला ना?"

"गेला. साऱ्याइले गेला."

भाऊसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि जवळ आले.

"रहीमभाई, उद्यापासून थोडी खरखर ठेवता येते काय?"