गुळाच्या पारड्यात

अकोल्याच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायला सांगितलं होतं आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ऑपरेशन करून पोटाची पिशवी लहान करायची, म्हणजे भूक कमी लागते आणि वजन उतरत जातं, असं त्यांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं होतं. मी अजून कॉलेजात शिकते, तरी रक्तातली साखर वाढलेली, जिना चढताना गुडघे धरून यायचे आणि झोपेत माझा श्वास मधेच थांबतो, हे होस्टेलवरच्या मैत्रिणीनं घाबरून घरी कळवलेलं. उपास, चालणं, भात सोडणं, सगळं करून झालं होतं. उतरलेलं वजन दर वेळी परत यायचं. "ऑपरेशन म्हणजे जादू नाही, जन्मभर सांभाळून खावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "पण करायचं की नाही, हे तुम्ही ठरवा." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे पुष्कळ गोष्टी मला एकटीला ठरवाव्या लागल्या होत्या. पण हे शरीर माझं एकटीचं आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

त्याला कारण आहे. मी जन्मले ती दिवस भरायच्या आधी. अंगावर दूध ओढायचीही ताकद नव्हती. आमचं गाव रिठदजवळ, घरचा कापूस होता. माय सरकी काढलेल्या कापसाचा बोळा करायची, दुधात बुडवायची आणि माझ्या ओठांवर थेंब थेंब पिळायची. तिचं माहेर शेलूबाजारच्या पलीकडे. तिथल्या बरडावरच्या, खडकाळ टेकाडावरच्या देवीला तिनं नवस केला, "लेकरू वाचू दे, गुळानं तोलीन."

मी वाचले. चालायला, बोलायला लागले तेव्हा तो नवस फेडला. ती माझी अगदी पहिली आठवण. देवळासमोरच्या कडुनिंबाला मोठा तराजू टांगलेला, दोराला बांधलेलं लाकडी पारडं, त्यात घातलेली मायची हिरवी चोळी आणि तिच्यावर मी. समोरच्या पारड्यात माय एकेक गुळाची भेली ठेवत होती. ज्यानं नवस बोलला त्यानंच गूळ ठेवायचा, अशी तिथली रीत. मामा टाळ्या वाजवत होता. मग एकदम माझे पाय जमिनीपासून सुटले आणि मी हवेत झुलले. भीती वाटली नाही. कोणीतरी खालून तळहात लावून उचललं, असंच वाटलं. नंतर गूळ फोडून सगळ्यांना वाटला. मुंगळे झाले, मुलं चिकट हातांनी धावत सुटली, आणि सगळे माझ्याच वजनाचा गूळ खात आहेत याचा मला केवढा तरी अभिमान वाटला. तो वास अजून नाकात आहे. आजही कुठे गूळ फोडला की मला मामाच्या टाळ्या ऐकू येतात.

त्या दिवसापासून मायला मला खाऊ घालायचं वेड लागलं. देवीनं दिलेलं लेकरू, त्याला कमी कसं पडू द्यायचं? तुपाची धार, दुधावरची साय, शाळेतून आले की गूळ-पोळी. मी भरत गेले. आधी लोक "बाळसं धरलं" म्हणायचे, मग काकू म्हणायला लागली, "आता हिले तोलाले अख्खं गुऱ्हाळ लागन व!" सगळे हसायचे. मीही हसायचे. हसून घेतलं की गोष्ट लवकर संपते, हे मी फार लहानपणी शिकले होते.

ऑपरेशनचं ऐकल्यावर मायनं तोंडाला पदर लावला. "देवीनं मापून देल्लं तुले. त्याच्यातलं कापून टाकतं? तिले काय वाटन?" बाबा म्हणाले, "तुमी दोघी ठरवा, मी पाठीशी हाय." मला मायचं बोलणं अडाणीपणाचं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माझ्याही मनात नेमकं तेच होतं. ऑपरेशन केलं तर देणाऱ्याचा अपमान होईल का? आणि नाही केलं तर एखाद्या रात्री थांबलेला श्वास परत आलाच नाही तर? शेवटी माय म्हणाली, "चाल, तिलेच इचारून येऊ."

मंगळवारी आम्ही वाशीमहून बसनं शेलूबाजारला उतरलो. तिथून जीप. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, तुमी समोर बसा. मांग बसल्या तं टायर बसते." माय लगेच उसळली, "तुह्यी जीप तं रिकामी असली तरी रडते. तिचं पाह्य आधी!" आतली माणसं हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. हरभरा सोंगायला आला होता. हीच वाट लहानपणी मी मायच्या मांडीवर बसून पाहिली होती. तेव्हा माझं तिकीट लागत नव्हतं.

बरड चढताना मला दम लागला. देवळापाशी पोहोचले आणि कडुनिंबाच्या पाराशी मटकन बसले. तराजू टांगलेलाच होता. मालेगावकडचं एक जोडपं आपल्या लहान मुलीची तुला करायला आलं होतं. मुलगी मोठ्या दुखण्यातून उठली होती. पण पारडं पाहून तिनं आकांत मांडला. आत ठेवली की बाहेर, ठेवली की बाहेर. आत्याकडे जाईना, मावशीकडे जाईना. मग काय मनात आलं कोण जाणे, डुलत डुलत ती माझ्यापाशी आली, माझ्या मांडीत चढली, ओढणी मुठीत धरली आणि गप्प झाली.

"अव माय!" तिची आई हसायला लागली. "इथं बरं गमलं हिले. ताई, तुमीच घेऊन बसा ना पारड्यात. आमी दोघं नवसाचे, आमाले गूळ ठेवा लागते."

माझ्या अंगावर काटा आला. "मी नको हो. तराजू तुटेल."

मागून कोणीतरी म्हणालं, "दांडी जुनी हाय बाप्पा, जपून!" हशा झाला. देवळाचे गुरवकाका म्हणाले, "काहीच होत नाही बाई. सोयाबीनचे भरलेले कट्टे मोजले हिच्यावर. पहिले तू एकटी बस. तुह्या वजनाचे दगड ठेवू तिकडं. मंग लेकरू घे, त्याच्यापुरता गूळ."

मी मायकडे पाहिलं. तिनं माझी पिशवी आपल्याकडे घेतली. त्या छकुलीनं माझी ओढणी सोडली नव्हती. कुणाच्या नवसाला नाही कसं म्हणायचं? मी बसले.

माणसं शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरून दगड आणू लागली. एक ठेवला, दुसरा ठेवला. "आना अजून," गुरवकाका म्हणत होते. दगड येतच राहिले. इतक्या माणसांसमोर वजन होण्याची लाज मी आयुष्यभर टाळत आले होते, आणि आता ती दगडादगडानं समोर रचली जात होती. मी डोळे मिटले. देवी, आता तूच बघ, एवढंच मनात आलं. दोर करकरला. आणि माझे पाय जमिनीपासून सुटले.

तेच होतं ते. तोच खालून लावलेला तळहात. मधली सगळी वर्षं कुठे गेली, कळलं नाही. इतकी जड असूनही मला उचललं गेलं होतं. मग छकुलीला मांडीवर दिलं, पारडं थोडं खाली गेलं, आणि तिचे आईबाप डोळे पुसत गूळ ठेवू लागले. फार गूळ लागला नाही. इवलीशी तर होती ती.

तुला झाल्यावर गूळ ताटात घेऊन देवीपुढे नेला. दगड तिथेच झाडाखाली लोटून दिले. त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. एक बकरी त्यांच्यावर चढून पाला ओढत बसली. माय मात्र त्या दगडांकडे कितीतरी वेळ बघत होती.

उतरताना वाटेत ती थांबली. "तवा तू इत्तीशी होती," हातानं दाखवत म्हणाली. "देवीनं तेवढीच देल्ली होती, गुळाइतकी. बाकीचं मी चढवलं, घास घास करून. ते उतरवलं तं तिले काहून राग येईन?"

"तुझं काही चुकलं नाही माय. डॉक्टर म्हणतात, शरीराची ठेवणही असते."

"असन. पन आता तू भिऊ नोको. मीही भेत नाही." मग डोळे पुसून म्हणाली, "फक्त तुले भुकेली झोपू देऊ नोका, असं सांगजो डॉक्टरले." आम्ही दोघी रस्त्यातच हसलो आणि रडलो.

त्या लेकरानं मलाच का निवडलं, मी सांगू शकत नाही. कदाचित मऊ मांडी दिसली असेल, एवढंच. त्या माणसांची गावं-नावं विचारायचंही राहून गेलं. मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना होकार कळवला.

ऑपरेशन पार पडलं. वजन हळूहळू उतरतंय, झोप शांत लागते. मन कधी कधी अजूनही ताटाकडे ओढ घेतं. तेव्हा मी स्वतःशी भांडत नाही, डोळे मिटते आणि पारड्यातल्यासारखे पाय जमिनीपासून सुटण्याची वाट बघते. आपण होऊन वर उठता येत नाही. बसावं तेवढं लागतं, भार सगळा टाकून.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो दवाखान्यातला पहिला घोट. नर्सनं मायच्या हातात छोटा चमचा दिला आणि सांगितलं, "अगदी थोडं थोडं पाणी द्यायचं." जन्मभर भरल्या ताटानं माया करणारी माझी माय चमचा तिरका करून माझ्या ओठांवर थेंब सोडू लागली.

"मले येते हे," ती नर्सला म्हणाली. "हिले मी अशीच वाढवली."