न चाखलेलं कालवण

जिला मीठ बघायला थेंबभर कालवण जिभेवर घेता येत नाही, तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवावीत तेवढी थोडीच. आमच्या ह्यांनी ती बारा वर्षं ठेवली. कधी खारट, कधी अळणी, आणि ताटावरून माझ्याकडे बघणं ते वेगळंच.

हे मचव्यावर खलाशी. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, पावसाच्या तोंडावर, मुंबईहून परतताना मचवा वादळात सापडला. भाट्याच्या किनाऱ्याला फळ्या लागल्या, माणसांचा पत्ता नाही. वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी सात वर्षांची होते. गावच्या देवाला गाऱ्हाणं कसं घालतात ते तोवर कानात पक्कं बसलेलं. त्याच चालीवर मी प्रभूला बोलले, ह्यांना जिवंत आण, जन्मभर मासळी तोंडात घालणार नाही. चौथ्या दिवशी हे जयगडहून चालत घरी आले.

मी अठरा वर्षांची. जन्मभर म्हणजे किती, हे त्या वयात कुणाला कळतं? गावच्या देवाला नारळ दिला, कोंबडा दिला, की नवस फिटला, माणूस मोकळा. माझा मात्र रोज नव्यानं फेडायचा, तोही रत्नागिरीत राहून! बांगडा तव्यावर पडला की जीव नुसता कासावीस व्हायचा. देवाला दिलेलं माणसांत मिरवू नये, असं पाळकसाहेब प्रवचनात सांगायचे, म्हणून मला मासळी पचत नाही असं ह्यांना सांगून वेळ मारून नेली. देवाशी खरं राहायला नवऱ्याशी खोटं बोलायचं, वा गं बाई.

तिसऱ्या बाळंतपणानंतर मी अगदी खंगले. कंटाळलेच होते. पाळकसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, यातून सोडवा. आधी त्यांनी चांगलं झापलं. देवानं तुझे मासे मागितले होते का? त्याच्याशी सौदा करायचाच नसतो. पण बोललीस ना, मग तो शब्द आहे, सोडवणारा मी कोण? मग त्यांनी जुना करार उघडून एक वाट दाखवली. बायकोचा नवस ऐकला त्याच दिवशी नवऱ्यानं मना केलं, तर ती सुटते आणि देव तिला क्षमा करतो. तो दिवसभर गप्प राहिला, तर नवस कायम.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. सोमवारी सकाळी ह्यांना पेज वाढून सगळं सांगितलं, पाळकसाहेबांनी सांगितलेलंही सांगितलं. ह्यांनी पेज संपवली. मग अंगणात दोर वळायला बसले. दुपारी मुकाट जेवले. मी निर्लज्जासारखी चार वेळा त्यांच्या पुढून गेले. मला एकच शब्द हवा होता, खा.

दिवस बुडायला आला तशी मी पायरीवर जाऊन बसले. हे येऊन शेजारी टेकले.

"उद्या मचवा पाण्यात लोटायचाय," म्हणाले.

मला कळलं. जी मासळी सोडल्यावर दर्यानं ह्यांना परत दिलं, ती पुन्हा खा म्हणायची ह्यांची छाती होईना. मला राग आला, पण भांडायचंही त्राण नव्हतं. दिवस बुडाला. मी आत जाऊन कालवणात अंदाजानं मीठ घातलं आणि ताट वाढलं.

त्या दिवसापासून ह्यांनी मिठाला कधी नाव ठेवलं नाही.