कट्यारीतल्या मिशा

मी आगगाडीच्या लोको शेडमध्ये काम करणारा माणूस. वाफ, तेल, कोळसा - जे हाताला लागतं तेवढंच मी खरं धरतो. पिंपळावरच्या मुंज्याला मी कधी भ्यालो नाही. तरीही हे लिहितोय, कारण हे माझ्याच हातून झालं...

आम्ही कल्याणचे, खाडीकडच्या आळीतले. इंजिनाचे पोलादी दांडे घासून त्यांना पॉलिश करणं हे माझं काम. धाकट्या भावाचं, नारायणचं, लग्न कोलशेतच्या चंद्राशी ठरलं होतं. नारायण बाविशीचा, पण ओठावर लव म्हणून नाही. मुलीचे वडील मिठागरवाले. ते बघायला आले तेव्हा म्हणाले होते, "मुलगा पोरसवदा दिसतो. बघू." ते 'बघू' आमच्या आत्याच्या जिव्हारी लागलं होतं. आई गेल्यावर तिनेच आम्हाला वाढवलेलं.

नवरदेवाच्या हाती घरातलीच कट्यार हवी, म्हणून तिने कणगीमागून एक जुनी कट्यार काढली. कुणाची होती, तिलाही ठाऊक नव्हतं. पातं गंजून लालभडक झालेलं.

मी ओसरीवर बसलो. आधी चिंच आणि विटेची पूड लावून गंज काढला, मग शेडमधून आणलेली पॉलिशची कुरुंदाची पूड तेलात कालवून चोळत राहिलो. दुपारपर्यंत पातं पाण्यासारखं लखलखलं. कौतुकाने आत पाहिलं... तोंड माझंच, पण मिशा माझ्या नव्हेत. जाड, पिळदार, थेट कानापर्यंत गेलेल्या.

मी आत्याला हाक मारली. तिने पाहिलं आणि हळूच पदराने तोंड पुसलं.

"माझ्या तोंडाला काही लागलंय का रे?"

"नाही."

"मग ह्यात हे काय दिसतंय?"

"मिशा," मी म्हणालो.

"कुणाच्या?"

मी पातं उलट बाजूने घासलं, पुन्हा कुरुंद लावला, राख लावली. मिशा जास्तच स्वच्छ दिसू लागल्या. घंगाळातल्या पाण्यात बघितलं तर सगळं जिथल्या तिथे.

"ही न्यायची नाही," आत्या म्हणाली. "मंडपात कुणी पाहिलं तर लग्न मोडेल."

पण तेवढ्यात नारायणने कट्यार उचलली होती. तो बराच वेळ बघत राहिला. मग पाठ ताठ करून, घसा खाकरून म्हणाला, "मी हीच घेणार." त्या आवाजात तो आजवर आमच्याशी कधी बोलला नव्हता.

वऱ्हाड मचव्यात बसून खाडीने निघालं. वाटभर नारायण पात्यातच बघत होता आणि नसलेल्या मिशांना पीळ देत होता. मंडपात सासऱ्यांनी त्याला जरा निरखून पाहिलं आणि बसायला स्वतःचा पाट पुढे सरकवला. मी आणि आत्या मात्र घामाने भिजलेलो.

अंतरपाट दूर झाला, हार घातले. नारायणची नजर परत कट्यारीवर. भटजी म्हणाले, "नवरदेव, नवरी इकडे आहे." लोक हसले. चंद्राने मान न उचलता हळूच विचारलं, "सारखं काय बघताय?"

त्या वेड्याने पातं तिच्यासमोर धरलं.

आत्याने माझा दंड असा दाबला की वळ उठला. चंद्राने मुंडावळ्या बाजूला करून नीट पाहिलं. मग म्हणाली, "मला नाहीत शोभत. तुम्हाला बऱ्या दिसतात."

लग्न पार पडलं.

पुढे आमच्या फोरमनसाहेबाला मी ती कट्यार दाखवली. पात्याला बाक असला की असं दिसतं, असं तो म्हणाला. मग त्याने आत पाहिलं, कट्यार माझ्या हातात ठेवली, आणि तो विषय परत कधी काढला नाही.

कट्यार आता नारायणच्या वेगळ्या बिऱ्हाडी, चंद्राकडे असते. ती गंजू देत नाही, कुरुंदाची पूड माझ्याकडूनच मागून नेते. परवा गेलो तर दारात बसून पात्याशी पुटपुटत होती. मी विचारलं, "काय चाललंय गं?"

"कोण तुम्ही, म्हणून आतल्यांना विचारते, भावजी," ती म्हणाली. "नाव सांगत नाहीत. पण आज पहिल्यांदा हसले."

मला ह्याचा उलगडा झालेला नाही. वाचकांपैकी कुणाला झाला, तर जरूर कळवावं.